बाईच्या हाडांतलं टेक्नेशियम

मूलद्रव्यांच्या तक्त्यातली सगळ्यात खालची ओळ शिकवायला घेतली की मॅडमचा आवाज आपोआप हळू होतो, असं माझी पोरं म्हणतात. पोरं म्हणजे विद्यार्थी. दारव्ह्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते, आणि आवाज चढवल्याशिवाय माझा एकही तास पार पडत नाही, हे फाटकाबाहेरच्या चहावाल्यालाही ठाऊक आहे. पण त्या ओळीपाशी आले की मी खिडकीकडे बघत बोलायला लागते. बाहेर दुपार असते, बाजारात कापसाच्या गाड्या उभ्या असतात, पंखा गेलेल्या लाइटीची वाट बघत असतो, आणि मी अशा पदार्थांबद्दल बोलत असते जे जगात कुठंच नाहीत.

म्हणजे असतात, पण कुणी केले तरच. युरेनियमच्या पुढचं जवळजवळ सगळं माणसानं केलेलं. एका जड धातूचा पातळ पत्रा धरायचा, त्याच्यावर दुसऱ्या हलक्या मूलद्रव्याचे अणुगर्भ भयंकर वेगानं मारायचे. मारत राहायचं. महिनोन्‌महिने. हळू मारलं तर दोन गर्भ एकमेकांना ढकलून देतात, कारण दोघांवरही धन भार. फार जोरात मारलं तर जुळता जुळताच फुटतात. अगदी बेताचा जोर लागला तर कोट्यवधी माऱ्यांतून एखादा चिकटतो, आणि एक नवा अणू होतो. एक! तो डोळ्याचं पातं लवायच्या आत मोडतो. मोडताना जे तुकडे टाकतो त्यांच्या मागावर जाऊन शास्त्रज्ञ म्हणतात, हां, इथं तो होऊन गेला.

"मॅडम, एवढी मरमर करून एक अणू, अन् थोही टिकत नाही. मंग कायले करतेत?" असं दर वर्षी कोणीतरी विचारतंच.

"तुझं लक्ष तरी कुठं टिकतं? तरी मी शिकवतेच ना? बस खाली."

वर्ग हसतो आणि माझी सुटका होते. खरं सांगायचं तर मला उत्तर येत नव्हतं आणि हवंही नव्हतं. मला ते तसंच आवडायचं. एखाद्या रविवारी दुपारी डोळा लागला की मला ती यंत्रं दिसायची. मी कधी पाहिलेली नाहीत, त्यामुळे माझ्या स्वप्नात ती आमच्या गावच्या जिनिंगसारखी असायची, उंच पत्र्याची, हवेत कापसाचे तंतू तरंगत असलेली, आणि त्या तंतूंमधून एकच अणू हळूहळू खाली येत असायचा. जमिनीला टेकायच्या आत मी जागी व्हायचे.

मग माझ्या बहिणीची कंबर दुखायला लागली.

मोठ्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात. माझी बाई माझ्यापेक्षा बरीच मोठी. दारव्ह्याहून जीपनं जावं लागतं अशा खेड्यात ती राहते. भाऊजी गेल्यापासून वावर तीच बघते, पऱ्हाटी म्हणजे कापूस, तूर, थोडं सोयाबीन. मुलगा आहे, कामाचा आहे, पण हुकूम बाईचा. मागच्या साली तिच्या छातीतली गाठ काढली. औषधं झाली, केस गेले, परत आले ते कुरळे आले. "पाय वं, म्हातारपनी फॅशन," म्हणून तिनं गावभर मिरवलं. सगळं आटोपलं असं आम्ही धरून चाललो होतो. पण या वर्षी कापूस वेचायला वाकली ती सरळ होईना. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, हाडांचा स्कॅन करून घ्या, नागपूरला जावं लागेल.

बाईला आडवळण चालत नाही. तिनं मला फोन केला. "मले एवढंच सांग. थे हाडात गेलं का नाही गेलं, हेच पाह्यनार हाय ना?"

"हो."

"अन् गेलं असंल तं?"

"तर परत औषधं. बघू ना, आधीच कशाला?"

"आधीच कायले म्हंजे? सूनबाईचं पोटुशीपन सरत येऊन राह्यलं. तिले माय नाही. तिचं बाळंतपन माह्या हातानं व्हायले पाह्यजे. मले हिशेब पाह्यजे का नाही?"

मी फोन ठेवला आणि स्टाफरूममध्ये उगाच एका शिपायावर ओरडले. खूप भीती वाटली की मी ओरडते. मला त्या वेळी फार भीती वाटली होती.

ज्या औषधाची सुई देऊन हाडांचा हा फोटो काढतात त्याचं नाव डॉक्टरांच्या कागदावर वाचलं, आणि मी खुर्चीत तशीच बसून राहिले. टेक्नेशियम. तक्त्यात त्रेचाळीस नंबरच्या घरात बसतं ते. किती वर्षं मी पोरांना सांगत आले होते की हे घर कितीतरी काळ रिकामं होतं! वरचे सापडले, खालचे सापडले, शेजारचे सापडले, पण हे कुणाला खाणीत मिळेना, दगडात मिळेना. मिळणार कसं? पृथ्वी झाली तेव्हा जे काही असेल ते कधीच मोडून संपलं होतं. शेवटी ते करावं लागलं. माणसानं केलेलं हे पहिलं मूलद्रव्य. आणि आता ते माझ्या बाईच्या दंडात जाणार होतं.

आम्ही पहाटे निघालो. भाचा गाडी चालवत होता, बाई पुढं, मी मागं. यवतमाळ गेलं, कळंब गेलं. धुकं होतं, आणि त्यातून तुरीची पिवळी फुलं दिसायची आणि जायची. बाई प्रत्येक वावराला नाव ठेवत होती. "याची तूर पाय, पानीच नाही देल्लं." "हा बयताड हाय, एवढं दाट कोन पेरते?" तिच्या कमरेत कळ आली की ती वाक्य अर्ध्यात सोडायची आणि पुढच्या वावरापासून परत सुरू करायची. मी डोळे मिटले. डोळे मिटले की मला तिचा आवाज आणि धुकं एकच वाटत होतं.

नागपूरच्या त्या दवाखान्यात हा विभाग तळघरात होता. जाड भिंती, जाड दार, आत एक तरुण तंत्रज्ञ मुलगी. तिनं शिशाच्या आवरणातली सुई आणली तेव्हा बाईनं विचारलं, "एवढीशी सुई अन् एवढं चिलखत?"

मुलगी हसली. "आजी, हे आज सकाळीच काढलंय. आम्ही त्याला गाय म्हणतो."

"गाय?"

"शिशाच्या डब्यात एक मूळ पदार्थ असतो, त्याच्यातून रोज हे थोडं थोडं तयार होतं. सकाळी मिठाचं पाणी सोडून काढून घ्यायचं. दूध काढल्यासारखं."

"अन् आटते कधी?"

"आठवडा-दहा दिवसांत. मग दुसरी मागवतो."

बाईला हे फार पटलं. सुई टोचली तेव्हा तिचं लक्षच नव्हतं. गाय कुठून येते, वाटेत किती आटते, असलंच ती विचारत होती. मग मुलीनं सांगितलं, की आता तीनेक तास थांबायचं, औषध हाडांत उतरायला वेळ लागतो, पाणी भरपूर प्या, लघवीला जात राहा. आणि आज दिवसभर गरोदर बाईजवळ आणि लहान मुलांजवळ बसू नका.

बाईचा चेहरा तेवढ्यापुरता बदलला.

थांबायच्या खोलीत भिंतीला लागून बाकं होती. बाकांवर बसलेल्या सगळ्यांच्या अंगात तेच. मी एकेकाकडे बघत होते. एक म्हातारे काका बाटलीतून पाणी पीत होते, एक बाई मोबाइलवर भजन ऐकत होती, आणि या सगळ्यांच्या हाडांत जगात न सापडणारं एक मूलद्रव्य हळूहळू उतरत होतं. कुणाला काही जाणवत नव्हतं. मला मात्र ती खोली पाण्याखाली असल्यासारखी वाटायला लागली.

"झोपू नको," बाई म्हणाली. "सांग मले. हे कोठी सापडते?"

"सापडत नाही. करावं लागतं."

"कशानं?"

मी वर्गात सांगते तसं सांगायला लागले: चुंबकीय क्षेत्र, प्रत्यावर्ती विद्युत दाब. बाईनं हात वर केला. "मले नापास कर, पन नीट सांग."

मग मला गोफण आठवली. बाई लहान असताना आमच्याकडे ज्वारी व्हायची, आणि कणसं भरली की पाखरं हाकलायला तिला माळ्यावर बसवायचे. माळा म्हणजे वावरात चार बल्ल्यांवर बांधलेलं मचाण. मी तिच्या पायाशी बसायचे. ती गोफणीत दगड ठेवायची, डोक्यावर गरगर फिरवायची, आणि एक दोरी सोडली की दगड सूं करत जायचा.

"गोफण," मी म्हणाले. "अगदी पहिल्यांदा हे गोफणीनंच केलं. दगडाच्या जागी हायड्रोजनचा, त्यातल्या जड हायड्रोजनचा गर्भ. दोरीच्या जागी मोठं चुंबक, ते त्याला बाहेर पळू देत नाही, गोल फिरवतं. प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला विजेचा एक धक्का. वेग वाढला की फेरा मोठा होतो. वाढत वाढत काठाशी आला की सोडून द्यायचा. समोर मॉलिब्डेनम नावाच्या धातूचा पत्रा. गर्भ जाऊन त्याच्या गर्भात बसला की त्याचा नंबर एकानं वाढतो. बेचाळीसचं त्रेचाळीस. झालं नवीन मूलद्रव्य."

"सगळेच बसतेत?"

"कुठले! बहुतेक वाया जातात. अणू म्हणजे जवळजवळ सगळी पोकळीच. गर्भ त्याच्यात इतका बारीक, की एवढ्या मोठ्या वावरात एका ज्वारीच्या दाण्यावर नेम धरल्यासारखं."

"मी तं दाना नाही, पाखरू पाडलं होतं," बाई म्हणाली. "तू रडली होतीस."

"मी नाही रडले."

"रडली होती ना वं! नाकातून शेंबूड." ती हसली, आणि हसताना कमरेला हात लावला. "अन् त्या गाईत काय हाय मंग?"

"त्याच मॉलिब्डेनमचा एक अस्थिर भाऊ. तो आता गोफणीनं नाही करत, अणुभट्टीत करतात. तिथं न्यूट्रॉनांचा मारा असतो, त्यांना भार नसतो, त्यामुळे गर्भ त्यांना ढकलत नाही. तो भाऊ डब्यात बसून आपोआप मोडतो, आणि मोडला की हे होतं. तुझ्या अंगात गेलं ते सहा तासांत अर्धं संपतं. पुढच्या सहा तासांत उरलेल्याचं अर्धं. उद्या सकाळपर्यंत जवळजवळ काही नाही."

बाईनं आपल्या दंडाकडे बघितलं. "माह्यापेक्षा थेच गरीब हाय," ती म्हणाली.

तिनं भिंतीला डोकं टेकलं. मीही टेकलं. मग मला झोप लागली असावी, कारण मी माळ्यावर होते, खाली ज्वारी होती, वारा होता, आणि बाई परकर खोचून उभी होती. ती गोफण फिरवत होती आणि सोडत नव्हती. फेरा मोठा मोठा होत चालला होता, वावराच्या बाहेर, नाल्याच्या पलीकडे, आणि मी तिला म्हणत होते, सोड, बाई, सोड ना. ती म्हणत होती, थांब उलीसक.

"चला आजी," तंत्रज्ञ मुलगी म्हणाली, आणि मी जागी झाले.

स्कॅनच्या वेळी मला काचेपलीकडे उभं राहू दिलं. बाई अरुंद फळीवर सरळ झोपली होती, वर एक मोठा चौकोनी कॅमेरा, इतका जवळ की तिच्या नाकाला लागेल. कॅमेरा काहीच फेकत नव्हता. तो फक्त बघत होता. प्रकाश आतून येत होता, तिच्या हाडांतून. डोळ्यांना दिसणारा नव्हे, पण प्रकाशच. आयुष्यभर ज्या गोष्टीबद्दल हळू आवाजात बोलत आले ती माझ्या समोर, माझ्या बहिणीच्या बरगड्यांमध्ये होती, आणि मला एवढं सुंदर आणि एवढं वाईट एकाच वेळी कधी वाटलं नव्हतं. मी काचेला कपाळ टेकून उभी राहिले.

रिपोर्ट उद्या सकाळी मोबाइलवर येईल, असं सांगून त्यांनी आम्हाला सोडलं.

बाईच्या घरी पोचलो तेव्हा सांज झाली होती. सूनबाई दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती, ओवाळून टाकायला. बाई अंगणाच्या बाहेरच थांबली आणि ओरडली, "मांगं सर! जवळ येऊ नोको. मले विटाळ हाय."

आता यातलं काय हसण्यासारखं आहे ते बाहेरच्याला कळायचं नाही. त्या गावात महिन्याचे दिवस आले की बाया अजूनही ओसरीच्या कोपऱ्यात वेगळ्या बसतात. फक्त बाईच्या घरात नाही. सूनबाई नवी आली तेव्हा पहिल्याच महिन्यात ती कोपऱ्यात जाऊन बसली होती, आणि बाईनं तिचा हात धरून तिला चुलीपाशी आणलं होतं. "माह्या घरात कोनी बाहीर बसनार नाही, देवाले काही होत नाही," असं सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाली होती. त्यावरून किती टोमणे खाल्ले तिनं! आणि आज तीच स्वतःहून, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं, विटाळ सांगत होती.

शेजारच्या काकू लगेच आल्याच. "काहून वं, आता तू बसली का कोपऱ्यात? देव पावला!"

"दवाखान्याचा विटाळ हाय, तुयावाला नाही," बाई म्हणाली आणि ओसरीच्या टोकाला बसली. काकू मात्र लांबूनच बोलत होत्या, त्यांनाही खात्री नव्हती.

मी गाडीतलं सामान आत नेऊन ठेवलं, तोंड धुतलं, भाच्याशी दोन शब्द बोलले. एवढ्यात घोळ झाला. काकूंनी आणि सूनबाईनं मिळून बंब पेटवला, पाण्यात कडुनिंबाचा पाला टाकला, आणि बाईला न्हाणीत बसवून डोक्यावरून आंघोळ घातली. अंगावरचं लुगडं वेगळं भिजवलं. जिथं बसली होती तिथं गोमूत्र शिंपडलं. मी बाहेर येऊन बघते तर बाई ओल्या केसांनी चुलीपाशी बसलेली, आणि सूनबाई तिला खेटून, तिच्या खांद्यावर डोकं ठेवून.

"उठ तिथून!" मी इतक्या जोरात ओरडले की सूनबाईच्या मांडीवरचं ताट पडलं. "कोण म्हणालं तुम्हाला की हे धुतल्यानं जातं?"

"डोक्यावरून घेतलं ना पानी," काकू म्हणाल्या. "मंग सुटलं."

"काकू, ते अंगावर नाही, हाडात आहे!"

"मंग हाड धुता येत नाही का तुया शास्त्रात?" बाई म्हणाली. ती चेष्टा करत नव्हती. तिला खरंच वाटलं होतं की आंघोळ झाली म्हणजे झालं. विटाळ, सुतक, जे काही असेल ते डोक्यावरच्या पाण्यानं संपतं, हे ती मानत नसली तरी तिच्या हाताला माहीत होतं. कुठलीही गोष्ट संपवायची रीत तिच्याकडे एकच होती.

सूनबाई रडायला लागली. मला माझ्याच तोंडात मारावंसं वाटलं. मी तिला जवळ घेतलं, सांगितलं की काही झालेलं नाही, एवढ्याशा वेळानं काही होत नाही, बरंचसं तर वाटेतच संपलंय. फक्त आजची रात्र चार हात लांब राहा. लांब गेलं की जोर भराभर कमी होतो. "अन् यासाठी काही करायचं नसतं," मी म्हणाले. "ना धुवायचं, ना शिंपडायचं. नुसतं थांबायचं. ते आपलं आपण जातं."

"नुसतं थांबायचं?" बाई म्हणाली. जणू मी तिला फार अवघड काम सांगितलं होतं. उठली आणि परत ओसरीच्या टोकाला जाऊन बसली.

मग सूनबाईनं एक गोष्ट केली. घरातली खाट ओढत ओढत उंबऱ्यापर्यंत आणली, मध्ये हातानं चार हात मोजले, आणि खाटेवर आडवी झाली. तिथून त्या दोघी बोलत राहिल्या. बाळाच्या झबल्यांना कुठली साडी फाडायची, डिंकाचे लाडू किती करायचे, माघात थंडी असली तर शेगडी कुठं ठेवायची. मी मधल्या पायरीवर बसले होते. अंधार उतरत होता, कोठ्यातली ढोरं कडबा खात होती, कापसाचा वास येत होता. बाईच्या हाडांतला प्रकाश मला दिसत होता, मला एकटीलाच, कंदिलाची वात कमी करावी तसा हळूहळू मंद होत चाललेला. मला वाटलं ही सांज अशीच राहावी. रिपोर्ट येऊच नये. कुणी काही बघितलंच नाही असं व्हावं.

सकाळी दहाच्या सुमारास मोबाइल वाजला. मी अंगणात होते. बाई ओसरीवरून माझ्याकडे बघत होती.

फोटोत एक माणूस होतं, हाडांचं, राखाडी, दोन्ही बाजूंनी काढलेलं. मी इतके तास उजेड उजेड म्हणत होते, पण कागदावर तो उलटा छापतात: जिथं जास्त उतरलं तिथं काळं. गुडघे काळपट होते, अंगठ्यांची मुळंही. ती झीज, तिला मी ओळखत होते, पऱ्हाटीत काढलेल्या जन्माची. आणि कमरेच्या वर, एका मणक्यावर, एक ठिपका होता. काळा, गोल, स्पष्ट. खाली इंग्रजीत लिहिलेलं मी वाचलं, पुन्हा वाचलं. मग डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, एकच जागा आहे, औषधं आहेत, किरणांचा शेक देता येईल, पुढच्या आठवड्यात घेऊन या. किती दिवस, असं मी विचारलं. ते म्हणाले, बरेच पेशंट चांगली वर्षं काढतात, पण एका माणसाचं असं सांगता येत नाही.

मी ओसरीवर गेले. सूनबाई खाटेवरून उठून उंबऱ्यात उभी राहिली.

"हाय?" बाईनं विचारलं.

मी पोरांना कधी खोटं सांगितलेलं नाही, आणि बाईपुढं तर माझी टाप नाही. "हाय," मी म्हणाले. "एका मणक्यात."

बाई अंगणाकडे बघत राहिली. कोंबड्या होत्या. मग तिनं विचारलं, "बाळंतपनापर्यंत हाव ना मी?"

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलं नाही. "तुला काल सांगितलं ना, सहा तासांत अर्धे अणू जातात. ते पक्कं सांगता येतं. पण त्यातला कोणता आत्ता जाईल आणि कोणता दोन दिवस बसून राहील, ते कुणालाच सांगता येत नाही. यंत्र किती का मोठं असेना. त्या एका अणूच्या अंगावर तसं काही लिहिलेलंच नसतं. त्याला कालही जायची तेवढीच शक्यता होती, आजही तेवढीच आहे. तो म्हातारा होत नाही. तुझंही मला नाही सांगता येत, बाई. मला फार वाटतं की सांगता यावं."

बाईनं माझ्याकडे बघितलं. वर्गातली हुशार पोरं बघतात ना, तशी. "म्हंजे अजून ठरलं नाही."

"नाही. ठरलेलं नाही."

"कोनालेच ठाऊक नाही."

"कुणालाच नाही."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली. कमरेला हात लावून ती उठली, खांबाला धरून सरळ झाली, आणि उंबऱ्याकडे वळली. "ये वं. आता जवळ ये. गेलं ना थे?"

"गेलं," मी म्हणाले.

सूनबाई आली, आणि तिला काय करावं कळेना, म्हणून नुसतीच बाईच्या समोर उभी राहिली. बाईनं तिला खांद्याला धरून खाली बसवलं, पाठ करून, आणि तिची वेणी सोडली. "काय केसं करून ठेवले! अशा केसानं बाळंत होशील का? तेल आन," ती मला म्हणाली. "उभी काय राह्यलीस? तेल आन, अन् येताना फनी आन."